रजिस्टरातली कारवी

आमच्या गुरुजींच्या सदऱ्याचे खिसे कधी सपाट दिसले नाहीत. त्यांत बिया असायच्या. करंजाच्या, शिरसाच्या, बहाव्याच्या शेंगांचे तुकडे, कधी एखादं अर्धवट वाळलेलं पान. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की ते खिशातलं पान काढून बोटांत चुरडायचे, हुंगायचे, आणि मगच तोंड उघडायचे. त्यांची बायको कपडे धुताना कुरकुरायची, की एक दिवस मोरीत जंगल उगवणार आहे. एका पावसाळ्यात मोरीच्या तोंडाशी खरंच करंज उगवला. गुरुजींनी तो उपटू दिला नाही. मोरीचं पाणी दुसऱ्या बाजूनं काढलं आणि वर बायकोला सांगितलं, की पाहुणा आपणहून आलाय, त्याला कसं हाकलायचं.

आमचं गाव डिंगोऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे सरकत गेलेलं. जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक. गुरुजी मुख्याध्यापक होते. मूळचे आंबेगाव तालुक्यातले, चांगल्या जमीनजुमल्याच्या घरातले. शेती भावाच्या गळ्यात टाकून इकडे आले आणि इथंच रमले. एसटीनं ओतूरला निघाले की खिडकीची जागा धरायचे, आणि रस्त्यात मोठं झाड आलं की डोक्यावरची टोपी काढायचे. तेव्हा त्या रस्त्याला जुने वड होते. ओतूर येईपर्यंत टोपी डोक्यावर फारशी टिकायची नाही. कंडक्टर हसायचे. गुरुजींना त्याचं काही वाटत नसे.

बेल्ह्याच्या बैलबाजारालाही ते नेमानं जायचे. घ्यायचं नाही, विकायचं नाही. नुसतं प्रत्येक बैलापाशी थांबून मालकाला विचारायचं, “याचं नाव काय?” आणि वहीत लिहून घ्यायचं. एका टेम्पोवाल्यानं आपल्या बैलाला सिनेमातल्या हिरोचं नाव ठेवलं होतं, तर गुरुजी त्याच्याशी अर्धा तास भांडले. बैलाचं नाव त्याच्या रंगावरून, शिंगावरून, चालीवरून यावं, असं त्यांचं म्हणणं. भांडले खरे, पण त्या बैलाचं नाव त्यांनी वहीत हिरोचंच लिहिलं. बैलांची नावं त्यांनी कधी बदलली नाहीत. बैलाचा मालक शेजारी उभा असायचा.

मुलांची मात्र बदलायचे.

पहिलीत नाव घालायला कुणी पोर घेऊन आलं, की गुरुजी त्याचं नाव नीट ऐकून घ्यायचे आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात स्वतःला पटेल ते लिहायचे. झाडाचं, वेलीचं, फुलाचं. “ज्या नावाला मूळ नाही, ते नाव वाऱ्यावर जातं,” असं ते म्हणायचे. त्यामुळे आमच्या शाळेत पळस होता, कदंब होता, बहावा होता, सोनकी होती. हजेरीला ‘हजर’ म्हणायचं नाही. आपल्या नावाचं झाड कुठं आहे ते सांगायचं. “पळस?” “वढ्याच्या कडंला, गुरुजी.” “कदंब?” “देवळामागं, गुरुजी.” एकदा साहेब तपासणीला आले आणि त्यांनी स्वतः हजेरी घेतली. बहाव्याचं नाव पुकारलं तर तो उभा राहून म्हणाला, “डोंगराव हाय, साहेब.” साहेबांनी त्याला गैरहजर मांडलं. ही गोष्ट गावात अजून सांगतात. मीही पुष्कळ वर्षं सांगितली, नर्सिंगच्या होस्टेलवर तर रंगवून सांगितली. लोक हसायचे आणि म्हणायचे, काय गोड माणूस असेल.

त्या रजिस्टरात मी कारवी आहे. घरात संघमित्रा.

आता मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे आणि माझ्या छातीवरच्या पट्टीवर कारवी लिहिलेलं असतं. पुण्याकडून माहेरी आलेल्या पोरी लस टोचून घ्यायला बाळं आणतात, पट्टी वाचतात आणि खूश होतात. किती वेगळं नाव, अर्थ काय, कुणी ठेवलं, आमच्या मुलीला असंच काहीतरी हवं होतं. मी अर्थ सांगते. घाटमाथ्यावर उगवणारं झुडूप. सात वर्षांनी एकदा फुलतं, तेव्हा अख्खा डोंगर जांभळा होतो. त्या ‘वा’ म्हणतात. मग मी बाळाच्या मांडीत सुई टोचते. पुढचं त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पुढचं असं आहे. मला शाळेत घालायला आई एकटीच गेली होती. वडील भोसरीला एका कंपनीत होते, पंधरा दिवसांतून एकदा यायचे. आईला अक्षर येत नव्हतं. गुरुजींनी मुलीचं नाव विचारलं, तिनं सांगितलं, संघमित्रा. वडिलांनी ते तिच्याकडून घोटून घेतलं होतं. ती अडखळली नाही, हे ती आजही शपथेवर सांगते. मग गुरुजींनी जन्मतारीख विचारली.

“तारीख कुठली, गुरुजी,” आई म्हणाली. “ज्या साली कारवी फुलली व्हती ना, त्या साली. भादव्यात. मी माहेरी व्हते, समदा डोंगर जांभळा झाला व्हता.”

आईचं माहेर आंबेगावच्या पश्चिमेला, पार डोंगरात. तिकडे वर्षं अशीच मोजतात. गुरुजींनी हातातलं पेन खाली ठेवलं. खिशातून पान काढून हुंगलं. “परत सांगा,” म्हणाले. आईनं परत सांगितलं. तिला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. गुरुजींनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं आणि मग मान डोलावत रजिस्टरात लिहिलं. शाईचा डबा पुढे सरकवला. आईनं अंगठा दिला. जन्मतारीख त्यांनी सगळ्या पोरांना लावायचे तीच लावली, एक जून. खऱ्या वेळेचं नाव झालं आणि तारीख खोटी पडली. आई मात्र घरी आनंदात आली. मास्तर लई चांगला हाय, आपलं तीन तीन डाव ऐकून घेतो, असं तिनं शेजारणीला सांगितलं.

आता वडिलांबद्दल सांगायला हवं, नाहीतर त्यांचा राग कळायचा नाही. वडिलांचं नाव कचरू. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून कुणाची नजर लागू नये असं नाव. त्यांच्या पिढीत आमच्या वस्तीत अशी नावं घरोघरी होती. वडील सही झोकदार करायचे, पण नावाच्या तीन अक्षरांशी घाई करायचे आणि आडनावापाशी सावकाश व्हायचे. लग्नाच्या आधीपासून त्यांनी ठरवलेलं होतं, की आपल्या घरात असलं नाव पुन्हा येणार नाही. मुलगी झाली तेव्हा त्यांनी विहारात जाऊन, पुस्तक बघून, चार जाणत्यांना विचारून नाव काढलं. ते नाव कुणाचं होतं हे मला त्यांनी इतक्यांदा सांगितलंय, की मला ते ओव्यांसारखं पाठ आहे. सम्राट अशोकाची लेक. बोधिवृक्षाची फांदी घेऊन जहाजातून लंकेला गेली. ती फांदी तिथं लागली, मोठी झाली. बापाचं राज्य तलवारीनं जिथं गेलं नसतं तिथं लेक एक फांदी घेऊन गेली, असं वडील म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे.

पहिलीचं प्रगतिपुस्तक घरी आलं तेव्हा वडील आले होते. त्यांनी ते उलटसुलट बघितलं आणि मला म्हणाले, “कुणाचं उचलून आणलंस?” मी म्हणाले, माझंच आहे. शाळेत मला कारवी म्हणतात. वर्षभर म्हणत होते. मी घरी सांगितलं नव्हतं, कारण आईला ठाऊक असेल असं मला वाटायचं. आणि आईला वाटायचं, की मास्तर पोरांना लाडानं काहीबाही म्हणतात तसंच असेल.

वडील माझं बोट धरून शाळेत गेले. गुरुजींनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. गुरुजी आमच्या वस्तीत येऊन पाणी मागून प्यायचे, आणि प्यायले की गावात जाऊन चार जणांना सांगायचेसुद्धा. त्यामुळे वस्तीत त्यांना मोठा मान होता.

“गुरुजी, माज्या मुलीचं नाव संघमित्रा हाय,” वडील म्हणाले.

“ठाऊक आहे की,” गुरुजी म्हणाले. “वहिनींनी सांगितलं होतं.”

“मंग?”

गुरुजींनी पान हुंगलं. “कचरूभाऊ, रागावू नका. त्या नावानं पोरगी उद्या कुठं गेली, तर तोंड उघडायच्या आधी लोकांना कळणार, कुठली ते. मी तिला असं नाव दिलंय, ज्याला जातच नाही. झाडाला कुठं जात असते?”

“कळू द्या की,” वडील म्हणाले. “कळावं म्हणूनच ठेवलंय.”

मग वडिलांनी त्यांना फांदीची गोष्ट सांगितली. झाडच पायजे व्हतं तर त्या नावात पिंपळ व्हता, गुरुजी, असं म्हणाले. आणि गुरुजी इतके हरखले, की त्यांनी वही काढून ते सगळं लिहून घेतलं. “हे मला माहीतच नव्हतं. समुद्रातून फांदी जगवत नेली म्हणजे काय. मातीत लावून नेली असेल, नाही?” माझे वडील नाव मागायला गेले होते आणि गुरुजी त्यांना विचारत होते, कुंडी कसली असेल. शेवटी ते म्हणाले, “शाळेत असू द्या हो कारवी. घरी तुम्ही तेच म्हणा. दहावीच्या आत दुरुस्त करून देतो. माझा शब्द.”

वडिलांनी शब्दावर विश्वास ठेवला. घरी येऊन आईला एकच वाक्य बोलले, “वाचता येत नव्हतं तर अंगठा कशाला दिलास?” माझे वडील चिडके नव्हते. पुन्हा कधी ते असं बोलले नाहीत. पण आईला ते एकदाच पुरलं. पुढे गावात साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा त्यात पहिली जाऊन बसणारी बाई माझी आई. तिला स्वतःचं नाव लिहायला शिकवत होते, तर ती म्हणाली, माजं ऱ्हाऊ द्या, संघमित्रा कसं लिहायचं ते सांगा. जोडाक्षरावर तिचा पंधरवडा गेला.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला आवडत नाही. मी दुसरीत असताना कारवी फुलली. गुरुजींनी आम्हाला, त्यांच्या ‘झाडांच्या’ पोरांना, एसटीनं घाटावर नेलं. उतरल्यावर त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि आम्हालाही काढायला लावल्या. वळण घेतलं आणि समोर अख्खी उतरण जांभळी. माझ्या डोक्याच्या वर झुडपं, मधमाश्यांचा असा आवाज की जमिनीतून येतोय असं वाटावं. गुरुजी माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “ही तू,” म्हणाले. “एवढी सगळी तू.”

सात वर्षांच्या मुलीला कुणी असं म्हटलं, तर तिनं काय करावं. त्या दिवशी मला माझं नाव आवडलं. खोटं कशाला बोलू. शाळेतलं नाव आवडलं, आणि घरातलं जरा जड वाटलं, लांबलचक, हाक मारायला अवघड. मी मूठभर फुलं घेऊन घरी आले आणि आईला दाखवली. आईनं ती हातात घेतली नाही. म्हणाली, “फुलली का मरती ती. मंग लोकं तोडून आणत्यात आन कुडाला लावत्यात. माज्या बापाचं घर कारवीच्याच कुडाचं व्हतं. त्याला शेण फासायची मी.” गुरुजींनी मला अर्धंच सांगितलं होतं. त्यांना फुलं ठाऊक होती, कूडही ठाऊक असणार, पण कूड त्यांच्या घराला नव्हता.

मी नववीत गेले तसे वडील शब्द मागायला निघाले. ओतूरच्या हायस्कुलात क्लार्कनं त्यांना नीट समजावून सांगितलं होतं. नाव प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरून आलंय. तिथल्या मुख्याध्यापकांनी एका ओळीत लिहून द्यावं, की नोंद करताना पालकांनी सांगितलेलं नाव न लिहिता दुसरं लिहिलं गेलं. वरून मंजुरी येते, काम होतं. गुरुजी अजून तिथंच होते. खिसे तसेच फुगलेले, केस पांढरे झालेले.

या वेळीही मी बरोबर होते. गुरुजींनी क्लार्कनं करून दिलेला कागद वाचला आणि पान हुंगलं नाही.

“असं लिहून दिलं, तर मी रजिस्टरात मनानं नोंदी केल्या असं होईल,” ते म्हणाले. “एक नाही, अशा पुष्कळ आहेत. चौकशी लागेल. माझी तीन वर्षं राहिलीत, कचरूभाऊ.”

“पण केल्याच की तुमी मनानं.”

गुरुजी उठले. कपाटातून ते जुनं रजिस्टर काढलं, पान उघडलं आणि वडिलांसमोर ठेवलं. माझ्या नावापुढे आईचा अंगठा होता, जांभळ्या शाईचा, थोडा फिसकटलेला.

“पालकाच्या सांगण्यावरून नोंद केली, असा त्याचा अर्थ होतो,” गुरुजी म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. “कागदावर तसंच आहे.”

वडिलांनी त्या अंगठ्याकडे बघितलं. माझी खात्री आहे, की गुरुजींना ते बोलताना लाज वाटली. बाहेर येऊन त्यांनी माझ्या हातावर करंजाच्या चार बिया ठेवल्या, लहान मुलाला खाऊ द्यावा तशा. मी त्या शाळेच्या फाटकाशी टाकल्या.

राहता राहिला गॅझेटचा रस्ता. वडिलांनी फॉर्म आणला, टेबलावर पसरला, चष्मा लावला. फॉर्मवर दोन रकाने होते. जुने नाव आणि नवीन नाव. वडील पेन उघडून बसले.

“ह्यात संघमित्रा नवीन नावात लिहायला सांगतायत,” ते म्हणाले.

“लिहा की मग,” मी म्हणाले. “कागदापुरतं तर आहे.”

“कारवी जुनं आन संघमित्रा नवं? म्हंजी आधी ती कारवी व्हती, आन मंग आमी बदललं? मी असलं खोटं सही करून देणार न्हाई. चूक ज्यानं केली त्यानं म्हनावं.” त्यांनी फॉर्म घडी करून ठेवून दिला. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. त्या दिवसापासून तिनं धरून ठेवलं, की एकदा, फक्त एकदा गुरुजींनी म्हणावं, बाईनं नाव बरोबर सांगितलं होतं. माझं बोर्डाचं सर्टिफिकेट कारवी नावानं आलं, नर्सिंगचं आलं, नोकरीची ऑर्डर आली. प्रत्येक कागद आई हातात घ्यायची, आता वाचता येत होतं, एवढं वाचून परत द्यायची.

गुरुजी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी गावात त्यांचा सत्कार ठरवला. त्याच्या आठवडाभर आधी वडिलांच्या नावानं गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. अक्षर थरथरत होतं. ‘तब्येत बरी नसते. त्या दिवशी अवश्य यावे. मुलीलाही आणावे. मनातले चारचौघांत बोलायचे आहे.’ वडिलांनी ते दोनदा वाचलं, मग आईला दिलं. आईनं अक्षर लावून लावून वाचलं.

“बोलतील ते,” ती म्हणाली. “मानूस वाईट न्हाई.”

“तू चल,” वडील म्हणाले.

“मी न्हाई. मला लोकांत रडू येईल. तुमी ऐकून या.”

वडिलांनी पांढरा सदरा घातला, मी दवाखान्यातून सुट्टी घेतली. शाळेच्या पटांगणात मांडव होता. पहिल्या रांगेत गावातली मोठी मंडळी, मागे आम्ही. गुरुजी स्टेजवर शाल पांघरून बसले होते, अर्धे झालेले. भाषणाला उठले तेव्हा दोघांनी धरलं. त्यांनी खिशात हात घातला, पान काढलं आणि हुंगलं. सगळा मांडव हसला, प्रेमानं.

“मी आयुष्यात पैसा नाही लावला, झाडं लावली,” ते म्हणाले. “काही जमिनीत, काही रजिस्टरात. आज माझं रान मला एकदा उभं राहिलेलं बघायचंय.” आणि त्यांनी एकेक नाव पुकारायला सुरुवात केली. तोंडपाठ. पळस उठला. सोनकी उठली, कडेवर पोर घेऊन. कदंब उठला, बहावा उठला. टाळ्या पडत होत्या आणि मी बघत होते, कोण उठतंय. पळस आमच्या वस्तीतला. सोनकी ठाकरवाडीची. कदंब ठाकरवाडीचा. बहावा आमच्याच आळीतला, त्याचा बाप आणि माझे वडील एकाच कंपनीत होते. पहिल्या दोन रांगांत आमच्याच वर्गातले सचिन, संतोष, संदीप बसून टाळ्या वाजवत होते. ते सचिन म्हणून आले होते आणि सचिन म्हणूनच गेले. गावातली एक बकुळ तेवढी उठली, पण ते नाव तिच्या आजीनं ठेवलेलं, गुरुजींनी नुसतं उतरवून घेतलेलं. ज्यांना विचारलं नाही तर येऊन जाब विचारतील, त्यांना गुरुजींनी विचारलं होतं. इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगत, हसवत फिरले आणि हे मला दिसलं नव्हतं. गुरुजींनाही कधी दिसलं नसेल, असं मला वाटतं. ते त्या उभ्या माणसांकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांचं प्रेम खरं होतं. म्हणून तर राग कुठं ठेवायचा ते मला कळेना.

“आणि आता एक राहिली,” ते म्हणाले. वडील ताठ झाले. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“एक माउली लेकीला घेऊन माझ्याकडं आली,” गुरुजी सांगू लागले. “मी विचारलं, जन्म कधीचा? तर म्हणाली, कारवी फुलली होती गुरुजी, तेव्हाची. शिकलेली नव्हती हो, पण बोलली काय. म्हणाली, गुरुजी, तुम्हीच हिचं नाव ठेवा. मी म्हटलं, मी कोण ठेवणारा, नाव तर तू घेऊनच आलीस.” ते खोटं बोलत नव्हते. इतकी वर्षं सांगून सांगून त्यांच्यापुरतं तसंच घडलेलं होतं. “आज ती शेकडो बाळांना लस टोचते. कारवी, ऊठ बाळा.”

मी उठले. ठरवलं नव्हतं, विचार केला नव्हता; बसून राहायचं हे मनात यायच्या आत मी उभी होते. वडिलांचा हात माझ्या मनगटावरून निसटला. मांडवात सगळ्यांत मोठ्या टाळ्या पडल्या. मी खाली बघितलं. वडील समोर स्टेजकडे बघत होते आणि टाळ्या वाजवत होते, हळूहळू, शेजारचे वाजवत होते तेवढ्याच.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही जेवायला थांबलो नाही. वस्तीपर्यंत चालत आलो. मला म्हणायचं होतं, की चुकलं माझं, पण ते बोलले असते तर मला बोलता आलं असतं.

आई दारातच उभी होती. दुपारपासून उभी असावी.

“बोलले का?” तिनं विचारलं.

वडील चपला काढत होते. वर न बघता म्हणाले, “बोलले.”

“काय बोलले?”

“बाईनं नाव बरोबर सांगितलं व्हतं म्हणले. मीच दुसरं लिवलं. तिची काय चूक न्हाई.”

“समद्यांच्या म्होरं?”

“समद्यांच्या म्होरं. माइकवर.”

आईनं माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान डोलावली. ती उंबऱ्यावर बसली, पदरानं तोंड पुसलं, आणि म्हणाली, “मंग लोक काय म्हणले?”

“लोक काय म्हणत्यात,” वडील म्हणाले. “टाळ्या वाजवल्या. मी बी वाजवल्या.”